मागच्या भिंतीची खिडकी

आक्का,

विटा अजून ओट्यावर तशाच रचलेल्या आहेत. निसारभाई दुपारी जेवून घोटीला परत गेले, हिराबाई तिच्या घरी गेली, आणि मी तुमच्या खिडकीशी तुमचीच खुर्ची ओढून बसले आहे. समोर डोंगर आहे. वैशाखात तो काही फार देखणा दिसत नाही, हे तुम्हीसुद्धा कबूल कराल. तपकिरी, उघडाबोडका, आणि मधे वणव्याचा काळा पट्टा. तरी बसले आहे. तुम्हाला जाऊन महिना होऊन गेला. या महिन्यात सगळे माझ्याशी फार समजुतीने बोलतात, आणि मला भांडायला कुणी उरलेलं नाही. म्हणून हे लिहिते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं होतं, नणंदेला वन्सं म्हणायचं. मी म्हणाले. तुम्ही हॉस्पिटलच्या ड्युटीला निघाला होता. पांढऱ्या साडीला पिन लावत म्हणालात, "वन्सं म्हणालीस तर ओ देणार नाही. आक्का म्हण." पुढे 'वन्सं' मी फक्त भांडणासाठी राखून ठेवलं, आणि तुम्ही खरोखरच ओ देत नव्हता. मग हे, म्हणजे तुमचा वसंत, बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "दोघींपैकी एकीने तरी तोंड उघडा, मला चहा हवाय."

तुम्ही सासर सोडून माहेरी का आलात ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही ते कधी कुणाला सांगू दिलं नाहीत, आणि आता तुमच्या पाठीमागे मी सांगत सुटले तर रात्री स्वप्नात येऊन इंजेक्शन द्याल. एवढंच म्हणते, की नाशिकरोडच्या त्या फ्लॅटमध्ये आपण अर्धं आयुष्य एका छताखाली काढलं, तरी तुमची माझी खरी ओळख इथे, या घरात झाली. तिथे आपल्यामध्ये भांडी होती, आमच्या केतकीची शाळा होती, तुमच्या नाइट ड्युट्या होत्या. इथे नुसतं पडकं घर होतं आणि करायला डोंगराएवढं काम.

तुम्ही रिटायर झालात आणि एकदा जेवताना सहज म्हणालात, "मी गावच्या घरी राहायला जाते." ह्यांचा घास हातातच राहिला. मामंजींनी रेल्वेत नोकरी धरून गाव सोडलं तेव्हापासून घराला कुलूप होतं. भाताची खाचरं शेजारच्या हिराबाईकडे कसायला होती आणि घर उंदीर-घुशींकडे. ह्यांनी विचारलं, "त्या घराला छप्पर तरी उरलंय का?"

"अर्धं आहे," तुम्ही म्हणालात. "माझे तरी गुडघे कुठं शाबूत आहेत. जमेल आमचं."

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल. तुम्हाला ओळखत नव्हते हेच खरं.

कुलूप गंजलं होतं, ते काही किल्लीने उघडेना. शेवटी ह्यांनी दगडाने फोडलं. दार ढकललं तर आत ऊन. स्वयंपाकघरावरची कौलं खाली येऊन पडलेली, त्यातून एरंडाचं झाड वर गेलेलं, माळ्यावर मधमाश्यांचं पोळं, आणि कोपऱ्यात एक धामण, जी आम्हाला पाहून काडीचीही घाई न करता निघून गेली. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. तुम्ही पदर नाकाला लावून आत शिरलात आणि वॉर्डात राउंड घ्यावा तशा फिरलात. मुसळ घेऊन एकेक खांब ठोकून पाहिलात. "हा चांगला आहे. हा चांगला आहे. हा गेला." मग बाहेर येऊन आम्हाला म्हणालात, "पेशंट वाचेल. तुम्ही दोघं तोंडं पाडू नका."

त्या हिवाळ्यात दर शनिवार-रविवार आपण इथे होतो. केतकी पुण्याहून यायची आणि नखं खराब होतात म्हणून कुरकुरत जुनी कौलं घासायची. हे शिडीवर अर्ध्यापर्यंत चढायचे आणि तिथून सगळ्यांना सूचना द्यायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "वसू, एक तर वर जा, नाहीतर खाली ये, मधे लटकून उपदेश करू नकोस." घोटीहून निसारभाई गवंडी यायचे. कारवीच्या काठ्यांचे कूड काढून त्यांनी तीन बाजूंनी विटांच्या भिंती उभ्या केल्या. मागची, डोंगराकडची भिंत तेवढी जुनी राहिली. दगडमातीची, हातभर जाडीची. ती पाडायची गरज नव्हती.

मी सारवायला शिकले ते इथेच. शहरात वाढलेल्या मला शेणात हात घालायचा म्हणजे संकट होतं. हिराबाई तोंडाला पदर लावून हसत होती. तुम्ही माझ्या शेजारी बसलात, गुडघे दुखत असताना खाली बसलात, आणि माझा हात तुमच्या हाताखाली धरून तो अर्धगोल फिरवायला शिकवलंत. "दाबू नको. फिरव." एवढंच म्हणालात. दुपारी नागलीची भाकरी आणि हिराबाईने आणलेली उडदाची आमटी आपण त्याच ओलसर जमिनीच्या कडेला बसून खाल्ली. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "तुझ्या तोंडाला शेण लागलंय," आणि पुसलं नाहीत. मी संध्याकाळपर्यंत तशीच फिरत होते. आक्का, ते दिवस तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. तुम्हाला आभार मानलेले आवडत नसत. आता तुम्ही अडवू शकत नाही, म्हणून मानते.

आणि मग ती खिडकी.

पौषातली सकाळ होती. चुलीची जागा ठरवत होतो. चूल पूर्वीपासून मागच्या भिंतीला टेकून होती, तिथेच ठेवायची असं ठरलं. तुम्ही विझलेला कोळसा उचललात आणि चुलीच्या वर, भिंतीवर, मोठा चौकोन काढलात.

"इथं खिडकी."

निसारभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी हिराबाईकडे. हिराबाईच आधी बोलली. "आक्का, मागल्या अंगाला नका काढू. पाऊस थेट तिकडूनच येतो. ठाव नाय का तुम्हाला?"

"ठाव हाय," तुम्ही तिच्याच बोलीत म्हणालात. "मी हितंच जन्मले."

मी म्हणाले, "आक्का, या वाडीतल्या एका तरी घराला मागे खिडकी आहे का? सगळी घरं डोंगराकडे पाठ करून बसलीत. उगीच का?"

"नाही एकाही घराला," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर."

मी तुम्हाला झडीबद्दल सांगू लागले. इगतपुरीकडचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, भिंतीवर थडाथडा आपटतो, हे मी तुम्हाला, इथे जन्मलेल्या बाईला, समजावून सांगत होते. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "माझ्या आईनं या भिंतीकडं तोंड करून भाकरी थापल्या. सगळी उमर. मी लहान होते तेव्हा विचारलं, आई, भिंतीच्या पलीकडं काय आहे? तर म्हणाली, पाऊस. उन्हाळ्यात विचारलं तरी पाऊसच."

"सासूबाई आता भाकरी थापायला येणार नाहीत," मी म्हणाले, "आणि पाऊस दर वर्षी येणार आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग निसारभाईंना म्हणालात, "फोडा."

भिंत फुटायला अर्धा दिवस गेला. शेवटचा दगड बाहेर ढकलला आणि स्वयंपाकघरात उजेड आला, चुलीवर, भांड्यांवर, आपल्या धुळीने माखलेल्या अंगावर. मागे अख्खा डोंगर उभा होता. हिवाळ्यातला, पिवळ्या गवताचा, कडा अगदी हाताला लागेल असा. ह्यांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. तुम्ही चुलीपाशी उभ्या होता आणि तुमचे ओठ हलले, पण काय म्हणालात ते ऐकू आलं नाही. मी म्हणाले, "छान दिसतंय. पण."

"आलं," तुम्ही म्हणालात. "तुझी सगळी वाक्यं 'पण'वर येऊन थांबतात."

पहिल्या आषाढात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. लाकडी झडपा फुगल्या आणि अर्ध्यावर अडकून बसल्या, ना उघडेनात ना मिटेनात. आम्ही शनिवारी आलो तर तुम्ही स्वयंपाकघरात रेनकोट घालून भेंडी चिरत होता. चुलीत पाणी, डब्यांवर पाणी, सारवलेल्या जमिनीचा चिखल. ह्यांना हसू आवरेना. मी पदर खोचला आणि पुसायला बसले.

"गारवा छान येतो," तुम्ही म्हणालात.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी तेव्हा तोंडावर म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "पुढच्या खेपेला तुझ्या दोन-तीन जुन्या साड्या आण. पुसायला बऱ्या पडतील." मी आणल्या. त्यातली जांभळ्या काठांची सुती साडी मला आवडायची, विरली होती तरी टाकवत नव्हती, ती पण आणली. रागातच आणली.

तो आणि पुढचा, असे दोन्ही पावसाळे आपण याच विषयावर भांडलो. मी आले की जमीन ओली, भिंत ओली, तुम्ही शाल गुंडाळून खिडकीपाशी. मी म्हणायची, बुजवून टाका. तुम्ही म्हणायचात, बघू. आपल्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' होतो, हे मला लग्नानंतर पहिल्या दिवाळीलाच कळलं होतं. मी म्हणायची, खोकला होईल. तुम्ही म्हणायचात, मी आयुष्यभर दुसऱ्यांचे खोकले बघितलेत, माझा मला बघता येईल. मी म्हणायची, वन्सं. मग तुम्ही ओ देत नव्हता.

एका गोष्टीचा मला फार राग यायचा. येण्याआधी फोन करायचा, ही तुमची सक्ती. "अचानक येऊ नका. मी काय वाढू तुम्हाला?" तुम्ही दर वेळी बजावायचात. मी ह्यांना म्हणायची, आपल्याच घरी जायला परवानगी लागते का? भाजीपाला, दूध, वाण्याचं सामान, सगळं तर आम्हीच घेऊन येतो, यांना वाढायचं काय टेन्शन आहे? एकदा फोन लागला नाही आणि आम्ही तसेच निघालो, तर घोटीच्या पुढे तुमचाच फोन आला. कुठवर आलात? किती वेळ लागेल? रस्त्यात वडापाव खाऊन या, घाई करू नका. आम्ही खरंच वडापाव खात बसलो. मला वाटलं, एकटं राहून बाई विक्षिप्त झाल्या.

एक तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते सांगून टाकते. गेल्या श्रावणात हिराबाईच्या सुनेच्या ओटीभरणाला तुम्ही गेला होता आणि हे पडवीत झोपले होते. मी स्वयंपाकघर पुसून झाल्यावर तुमची ही खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, पाच मिनिटं. समोर नुसतं पांढरं होतं, डोंगर नव्हताच. मग ढग वर सरकला आणि कड्यावरून पाण्याच्या धारा खाली येताना दिसल्या, इथे एक, तिथे एक, जिथे पाहावं तिथे. वाऱ्याने एका धारेचं पाणी खाली पडण्याआधीच परत वर उडत होतं. झड तोंडावर येत होती, चष्मा ओला झाला, आणि मी हलले नाही. तुमच्या चपलांचा आवाज आला तशी उठून खुर्ची जागेवर ठेवली. तुम्ही पाठ टेकवलीत आणि म्हणालात, "खुर्ची ओली कशी?"

"सगळंच ओलं आहे," मी म्हणाले. "तुमच्या खिडकीची कृपा."

तुम्ही गालातल्या गालात हसलात. त्या हसण्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही फार बोलत नव्हता. जन्मभर ज्या कॉटच्या बाजूला उभ्या राहिलात तिच्यावर आडवं व्हावं लागलं, याचाच तुम्हाला संताप होता. सलाइन लावणाऱ्या पोरीला तुम्ही शीर दाखवत होता. मी उशाशी बसून गप्पा मारायच्या म्हणून काहीबाही बोलायची, आणि काय बोलणार, बोलता बोलता खिडकीवर आले. म्हणाले, आक्का, या पावसाळ्याच्या आत मागची भिंत बघायला हवी. निसारभाई म्हणतात, मातीची भिंत आहे, दोन पावसाळे पाणी प्यायलीय, तिसरा काढायची नाही. बुजवून घेऊ या का?

तुम्ही डोळे मिटले होते. म्हणालात, "तुला करायचं ते कर."

हे वाक्य मी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. त्याचा अर्थ कायम एकच असायचा, करून तर बघ. पण या वेळी आवाज मऊ होता. मला कळेना. तुम्ही परवानगी दिलीत, की दमलात, की माझ्यावर नाराज होऊन विषय संपवलात? उद्या विचारू म्हटलं. नंतर तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

आक्का, महिनाभर मी या एका वाक्याशी झगडते आहे. हे म्हणाले, "अगं, ती दमली होती, एवढंच. तू घर वाचव." केतकी म्हणाली, "आई, आत्याची खिडकी आहे ती, हात लावू नकोस." मी म्हणाले, आणि भिंत पडली तर? भिंत पडली की तुळई खाली येणार, तुळईबरोबर कौलं, आणि आपण एवढ्या हौसेने उभं केलेलं घर पुन्हा घुशींचं. खिडकी ठेवली तर घर जातं, घर ठेवायचं तर खिडकी. तुम्ही मला या पेचात टाकून निघून गेलात. मग मीच निसारभाईंना फोन केला, विटा आणा म्हटलं, आणि काल एकटी इथे आले. ह्यांना यायचं नव्हतं. म्हणाले, मला ते बघवणार नाही.

आज सकाळी निसारभाई आले. ओळंबा, थापी, घमेलं सगळं घेऊन आले, आणि कामाला हात घालण्याआधी तुमच्या फोटोला नमस्कार करून आले. मग खिडकीच्या खालची भिंत हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले. पुन्हा पहिल्यापासून ठोकली. सळईने कोपऱ्यात थोडं उकरलं.

"वहिनी, मी तर भिंत गेली समजून आलो होतो. ही तर सुकी आहे आतून. वरवर थोडी खराब, बाकी एकदम पक्की."

"असं कसं होईल? दोन पावसाळे इथून पाणी येतंय. मी स्वतः पुसलंय."

"पुसलं असेल. पण रोज झड खाल्लेली भिंत अशी राहत नाय. आक्का खिडकी झाकत होत्या काय?"

"छे," मी म्हणाले. "झाकायचं नावसुद्धा काढू देत नव्हत्या."

हिराबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले आणि बाहेर बघायला लागली. मी म्हटलं, "हिराबाई?"

"मला नका इचारू," ती म्हणाली. "मी आक्कांना शब्द दिलाय."

"आक्का गेल्या, हिराबाई."

ती वळली आणि तिच्या गोठ्याकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. गोठ्याच्या आढ्याला एक ताटी बांधून ठेवलेली होती. कारवीच्या काठ्या जवळजवळ विणलेल्या, मधे सागाची पानं आणि भाताचा पेंढा दाबून भरलेला, बरोबर तुमच्या खिडकीच्या मापाची. पावसाळ्यात वाडीतली माणसं पडवीच्या उघड्या बाजूला बांधतात तशी. हिराबाईने ती खाली घेतली आणि माझ्यासमोर उभी धरली. कडा फाटू नयेत म्हणून चारही बाजूंनी कापड शिवलेलं होतं. जांभळे काठ. माझी साडी.

"पहिल्याच आषाढात इणली आम्ही दोघींनी," ती म्हणाली. "ती लावली का घरात थेंब नाय यायचा. पण तुमचा फोन आला का आक्का लगेच यायच्या. हिरे, सुमन येतीय, चल, ताटी काढ. मी म्हणायची, आवं आक्का, ह्या असल्या पावसात? तर म्हणायच्या, तिला दिसली ना, तर जन्मभर ऐकवंल मला."

मी त्या काठांवरून हात फिरवला.

"मंग तुम्ही गाडीत बसून गेल्या का परत बांधायची. दोघी चिंब व्हायचो. एकदा तर तुम्ही लवकर आल्या, तवा मी ताटी डोक्यावर घेऊन भातातून पळाली. आक्का लय हसल्या त्या दिशी. हसून हसून खाली बसल्या."

मी आधी हसले. गोठ्यात उभी राहून, म्हशीच्या देखत, मोठ्याने हसले. तुम्ही रेनकोट घालून भेंडी चिरत बसलेल्या दिसलात. घोटीपुढचा वडापाव आठवला. म्हणजे आम्ही तिथे वडापाव खात होतो आणि इथे तुम्ही दोघी, एकीचे गुडघे गेलेले आणि दुसरी पाठीत वाकलेली, भर पावसात ताटी सोडवत होता. मी म्हणत होते तेच खरं होतं, मागच्या बाजूला पाऊस येतो, झाकायला हवं, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात मान्य केलं होतं. फक्त ते मला कळू द्यायचं नव्हतं. कळू नये म्हणून तुम्ही घरात पाणी घ्यायला तयार होता, आणि मी ते पाणी पुसत होते. मग हसता हसता मला रडू आलं. तुम्ही गेल्यापासून असं आलं नव्हतं. तेराव्यालाही नाही. हिराबाईने ताटी भिंतीला टेकवली आणि मला धरून बसली.

मला तुमचा राग आला, हेही सांगते. एवढं काय बिघडलं असतं? मी ऐकवलं असतं, खूप ऐकवलं असतं, केतकीला फोन करून सांगितलं असतं, प्रत्येक सणाला काढलं असतं. बरोबर आहे तुमचं. बिघडलं असतं. मी जिंकले असते आणि मग दर शनिवारी आपण काय बोललो असतो? भाज्यांचे भाव? तुमच्याइतकं माझ्याशी भांडायला कुणाला जमलं नाही, आक्का. ह्यांना तर मुळीच नाही, ते दोन मिनिटांत हो म्हणतात.

निसारभाई खिडकीपाशी थांबून होते. "मग वहिनी, विटांचं काय करू?"

"राहू द्या. बघू," मी म्हणाले. आणि म्हणाल्यावर लक्षात आलं, कुणाचा शब्द वापरला ते. "तुम्ही असं करा, खिडकीच्या वर बाहेरून चार खुंट्या ठोकून द्या. जाड. ताटी अडकवायला."

"खुंट्या कशाला, सळईचे हूक बसवतो. वादळात पण हलणार नाय," ते म्हणाले. हूक बसवून झाल्यावर त्यांनी आणि हिराबाईने ताटी लावून पाहिली. घरात एकदम अंधार झाला. चुलीसमोर मी उभी होते आणि समोर भिंत होती, सासूबाईंची भिंत. मी म्हणाले, "काढा, काढा. अजून पाऊस कुठाय?" दोघं हसले. पण मला खरंच क्षणभर सहन झालं नाही.

तुमच्या त्या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तुला करायचं ते कर. कदाचित तुम्ही खरंच थकून म्हणाला असाल. कदाचित तुम्हाला माहीत असेल, की बुजवायला गेले की निसारभाई भिंत ठोकणार, आणि हिराबाईच्या पोटात काही राहत नाही. तुमचा काही भरवसा नाही. मी आता विचारणं सोडून देते. एक वाद तरी अर्धा राहू दे आपल्यात.

मघाशी ह्यांचा फोन आला. ओट्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले, तिथेच रेंज येते. ह्यांनी एकदम विचारलं नाही. ऊन किती आहे, जेवलीस का, असं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "बुजवली?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. पावसाच्या आधी ताटी बांधायला यायचं आणि दसऱ्याला काढायला. दर वर्षी. शिडीवर तुम्ही चढायचं, आणि पूर्ण चढायचं." मग त्यांना सगळं सांगितलं. गोठा, साडी, वडापाव. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि हे म्हणाले, "म्हणजे शेवटी तिने तुला हरवलंच."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "मीच बरोबर होते. पण."

वाक्य 'पण'वरच थांबलं. तुम्ही ऐकत असतात तर 'आलं' म्हणाला असतात.

आक्का, तुम्ही म्हणायचात, मी मेल्यावर कावळा होऊन येणार नाही, तुझ्या हातचं अळणी वरण जिवंतपणी खाल्लं तेवढं पुरे. पण पितृपक्षात मी इथे येणार आहे. गुरुजी म्हणाले, पहिल्या वर्षी पान ठेवायचं नसतं. मी ठेवणार. वरणात मीठ जास्त घालीन. पान अंगणात नाही, या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवीन. भाद्रपदात इथे पाऊस असतोच, झड येणार, चूल विझणार, मी सारवलेल्या जमिनीचा चिखल होणार. तरी आदल्या दिवशी हिराबाईला निरोप धाडीन, आक्का येतायत, चल, ताटी काढू. आपल्याकडे माणूस यायचं असलं की ताटी काढून ठेवतात.